आमचाच बैल पहिला का

आमच्या घराण्याचा बैल पन्हाळगडावर चढला होता. किती धान्य घेऊन चढला, हे ऐकायला कोण बसलंय यावर ठरायचं. थोरले आप्पा, म्हणजे माझे थोरले चुलते, घरच्या माणसांत दोन पोती सांगायचे, पावणेरावळे आले की चार, आणि व्याही आले की अख्खी गाडी. गडाला वेढा पडलेला, आत दाणा नाही, बाहेर शत्रू, आणि आमचा बैल चोरवाटेनं वर. राजा खूश झाला. म्हणाला, माग काय हवं ते. आमचा पूर्वज म्हणाला, काही नको महाराज, फक्त बेंदराला माझा बैल सगळ्यांच्या आधी जाऊ दे. जमीन मागायची सोडून हा माणूस रांगेत पहिला नंबर मागून आला, एवढ्यावरून तरी तो आमच्याच घराण्यातला असावा असं मला वाटतं.

बेंदूर म्हणजे आमच्याकडचा पोळा. बाकीचा महाराष्ट्र श्रावण सरताना बैल सजवतो, आम्ही आषाढातच उरकून मोकळे होतो. शाळेत यावर दर वर्षी निबंध असायचा आणि तो 'आपला देश कृषिप्रधान आहे' या वाक्यानं सुरू करावा लागायचा. बैल हा शेतकऱ्याचा मित्र, बेंदूर हा कृतज्ञतेचा सण. वर्षभर पराणीची आर टोचायची आणि एक दिवस पुरणपोळी चारायची याला कृतज्ञता म्हणतात, हे लिहून मी चांगले गुण मिळवले आहेत. बैलाला निदान त्या दिवशी सुट्टी तरी असायची. घरातल्या बायका पहाटेपासून पुरण वाटत असायच्या, त्यांच्यावर निबंध नव्हता.

आमच्या कसबा बावड्यात त्या दिवशी कर तोडायची रीत. वेशीत पिंपळाची पानं खोचलेली दोरी आडवी बांधायची, तीच कर. संध्याकाळी हलगी कडाडली की मानाचा बैल पळत येऊन ती तोडणार आणि मग गावातली बाकीची जनावरं त्याच्या मागून जाणार. वेस म्हणजे आता नुसतं नाव उरलं होतं. एका बाजूला पानटपरी, दुसऱ्या बाजूला विजेचा खांब आणि मधून डांबरी रस्ता. पण त्या एका संध्याकाळी थोरले आप्पा फेटा बांधून तिथं असे उभे राहायचे, की जणू गड त्यांनीच लढवलाय आणि आता फक्त तोफा व्हायच्या बाकी आहेत.

या मानामागं एक व्यवस्था होती आणि ती आप्पांना कधी दिसली नाही. बैल होता मारका. गड्यामाणसाला जवळ उभं करायचा नाही, आप्पांना तर नाहीच. त्याला हात लावायची ती फक्त थोरली आई, आप्पांची बायको. खांद्याला तूप-हळद चोळणं, शिंगं रंगवणं, शिंगांत कडबोळी अडकवणं, पाठीवर झूल टाकणं, सगळं तिचं. गोठ्यापासून गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत बैल तीच आणायची. कोपरा वळला की लोक दिसू लागायचे, तिथं आप्पा तिच्या हातातून कासरा घ्यायचे. मग ती पदर खोचून मागच्या बोळातून धावत सुटायची आणि वेशीच्या पलीकडं, पानटपरीच्या आडोशाला, आंबोणाची बादली घेऊन उभी राहायची. पेंड, चुणी आणि वर गुळाचा खडा. बैलाला वास यायचा, बादलीची कडी वाजलेली ऐकू यायची, आणि तो कुणाकडं न बघता सरळ तिच्याकडं पळायचा. मध्ये कर असायची, ती तुटायची. लोक टाळ्या वाजवायचे आणि आप्पा मिशीवरून हात फिरवायचे. लहानपणी मी तिच्याबरोबर त्या आडोशाला उभी असायची, त्यामुळं इतिहास मला नेहमी बादलीच्या बाजूनं दिसला.

नव्वदीचं दशक संपेपर्यंत गल्लीतले बैल एकेक करून गेले. ट्रॅक्टर आले, निम्मी रानं प्लॉट पाडून विकली गेली, त्यांवर गच्चीवाली घरं उठली. आमच्या जोडीतला एक बैल म्हातारपणानं गेला. एका बैलानं नांगर ओढता येत नाही, गाडी ओढता येत नाही, पण मान ओढता येतो, म्हणून आप्पांनी दुसरा, तो मानाचा मारका, तसाच ठेवला. वर्षातला एक दिवस नोकरी आणि बाकी बिनकामाचा पगार, तोही वैरणीच्या रूपानं. नाकापेक्षा मोती जड म्हणतात, तसं ते होतं. फक्त नाक एकाचं आणि मोती वागवणार दुसरी. ओला चारा कापून आणायचा, शेण काढायचं, पाणी दाखवायचं, सकाळ-संध्याकाळ. थोरली आई सीमेकडची, माहेरी निम्मं कानडी बोलणारी. तिकडं कर्नाटकी बेंदूर महिनाभर आधीच होतो. लग्नानंतर तो तिनं एकदाही बघितला नाही, कारण बैलाला सोडून राहता यायचं नाही.

इथपर्यंत सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. पण एक गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती.

तिची एकुलती मुलगी, माझी चुलत बहीण, आम्ही तिला अक्का म्हणायचो, वारणानगरला दिली होती. नवरा तिकडच्या साखर कारखान्यात, राहायला कॉलनीतली खोली. पहिल्या खेपेला आठव्या महिन्यातच तिच्या पोटात दुखायला लागलं आणि दवाखान्यात नेलं. निरोप आला तो बेंदराच्या सकाळी. थोरली आई पिशवी भरून दारात उभी होती. आप्पा म्हणाले, "आजचा दिस काढ. मान मोडता येत न्हाय. सकाळच्या पयल्या गाडीनं जा." तिनं पिशवी खाली ठेवली. संध्याकाळी बादली घेऊन उभी राहिली, बैल पळाला, कर तुटली. दुसऱ्या दिवशी ती पोचली तेव्हा बाळाला पुरूनही झालं होतं. अक्का भिंतीकडं तोंड करून पडली होती आणि आईशी बोलली नाही. हे मला थोरल्या आईनंच सांगितलं, वैरण तोडता तोडता, हात न थांबवता. मला बैलाचा राग कधीच आला नाही. मला त्या मानाचा राग आला आणि तो अजून उतरलेला नाही.

त्यानंतर काही वर्षांनी, दोन हजार सालाच्या पुढं, आमच्या नगरसेवकांना इतिहास आठवला. निवडणूक तोंडावर आली की त्यांना बरंच काही आठवायचं. वेशीत एक मोठा फलक लावायचा आणि बेंदराच्या दिवशी त्याचं उद्घाटन करायचं ठरलं. मजकूर लिहायचं काम आप्पांनी माझ्यावर टाकलं, कारण मी कॉलेजात इतिहास घेतला होता आणि त्याचा आजवर घरात काहीच उपयोग झालेला नव्हता.

"खरा इतिहास लिव्ह," ते म्हणाले. "आलतूफालतू नगं."

मी खरोखरच कामाला लागले. आधी आप्पांकडं बसले. या वेळी नगरसेवक ऐकत होते, त्यामुळं बैलानं गडावर तोफेचा गाडाही ओढला. कुठला राजा, कुणाचा वेढा, असं विचारलं तर म्हणाले, "राजा त्यो राजा. नाव घिऊन काय करतीस?" मेलेल्या म्हशीला मणभर दूध असतं हे ऐकून होते, मेलेल्या बैलाला किती ताकद असते ते त्या दिवशी समजलं. मग शेजारच्या तात्यांकडं गेले. तात्या गल्लीतले सगळ्यांत म्हातारे, त्यांना बाहेरच्यांची लफडी चार पिढ्यांपर्यंत पाठ. आमच्या बैलाचं विचारलं तर मात्र खोकल्याची उबळ आली.

"तुज्या थोरल्या आईला इचार की," ते म्हणाले. "तिला म्हाईत असंल."

थोरली आई गोठ्यात होती. मी विचारल्यावर ती आधी हसली, मग म्हणाली, "आमच्यातला बैल पयला का सोडत्यात, व्हय? मारका हुता म्हणून."

"कोण?"

"पयला बैल. तुज्या पणज्याच्या आज्याचा. दिसंल त्याला शिंगावर घ्यायचा. बेंदराला समदी जनावरं एका जागी आली की मारामारी. एकदा कुणाची गाय पाडली, एकदा कुणाचं तरी पोरगं. मग गावानं हात जोडलं. म्हणाले, बाबा, तुजा बैल आदी घिऊन जा आन गोठ्यात नीट बांध, मग आम्ही आमची काढतो. तवापास्नं पयला."

"आणि पन्हाळा?"

"पन्हाळ्यावर गेलता की. एकाला पाडून रानात पळाला, त्यो तिकडं घावला. चार दिसांनी आणला म्हणं."

हे तिला तिच्या सासूनं सांगितलं होतं, सासूला तिच्या सासूनं. गल्लीतल्या सगळ्या बायकांना हे ठाऊक होतं. मी दोघीतिघींना विचारलं, त्या पदर तोंडाला लावून हसल्या. म्हणजे राजाच्या कृपेचा मान म्हणून आम्ही मिरवत होतो ती गावानं घेतलेली खबरदारी होती. 'पुढे धोका आहे' असा फलक लावतात ना रस्त्यावर, त्या जागी आमचं घराणं होतं. मला इतका आनंद झाला की मी तो मजकूर त्याच दिवशी चांगल्या अक्षरात लिहून आप्पांना वाचून दाखवला.

आप्पांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, "तुला इतिहास लिव्हायला सांगितल्याला. घडलं त्ये लिव्हायला कुणी सांगितलं?"

इतिहासाच्या अभ्यासक्रमात मी तीन वर्षं घालवली, पण विषयाची इतकी नेमकी व्याख्या कुठल्याही प्राध्यापकानं केली नव्हती. फलकाचा मजकूर शेवटी नगरसेवकांच्या मेव्हण्यानं लिहिला. त्यात तोफ होती, भगवा झेंडा होता, आणि आमच्या बैलापेक्षा नगरसेवकांचा फोटो मोठा होता.

त्याच आषाढात अक्काचे दिवस भरत आले होते. पहिल्या खेपेनंतर तिला प्रवास करू नको म्हणून सांगितलेलं, त्यामुळं बाळंतपणाला माहेरी आणता येत नव्हतं. आईनंच जायला हवं होतं. थोरल्या आईनं पंधरवडाभर आधी विषय काढला. आप्पा म्हणाले, "बेंदूर होऊ दे." आठवड्यानं परत काढला. "बेंदूर होऊ दे म्हटलं न्हवं?" ती गप्प बसली. तिचं गप्प बसणं आप्पांना होकार वाटायचं. लग्नापासून त्यांचा हाच समज होता.

बेंदराच्या आदल्या संध्याकाळी तिनं बैलाचे खांदे मळले, शिंगांना हिंगूळ लावला. सकाळी वारणानगरहून फोन आला, अक्काला दवाखान्यात नेतोय. थोरल्या आईनं पुरण शिजवून ठेवलंच होतं. ओवाळायचं ताट भरून देव्हाऱ्यापुढं ठेवलं, बैलाला पाणी दाखवलं, वैरण टाकली, हातपाय धुतले आणि पिशवी घेऊन सोप्यात आली. आप्पा आरशापुढं फेटा बांधत होते. मी दाराशी होते.

"मी निघाले," ती म्हणाली.

"कुठं?"

"वारणंला. पोरीला दवाखान्यात न्हेलंय."

"आन बैल?"

"त्यो हाय की. एवढा पन्हाळ्यावर चढला, वेशीपतोर न्हाय का जायाचा?"

आप्पांच्या हातात फेट्याचं टोक तसंच राहिलं. ते पुढं काय म्हणाले ते तिनं ऐकलं नाही, कारण ती पायऱ्या उतरून गेली होती. मी स्टँडपर्यंत सोडायला गेले. गाडीत बसल्यावर तिनं मला फक्त एवढंच सांगितलं, की मागच्या बोळात संध्याकाळी पोरंबाळं उभी राहू देऊ नको. मी परत येऊन सगळ्यांना मागच्या बोळातून हाकललं. का, ते कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ऐकलंही नसतं म्हणा.

संध्याकाळी वेशीत मांडव होता. हलगीच्या जोडीला त्या वर्षी डॉल्बी लावला होता, त्याच्या स्पीकरांच्या भिंतीनं पानटपरी झाकून गेली होती. सजवलेले सात-आठ ट्रॅक्टर रांगेत, त्यांच्या बॉनेटला झूल, सायलेन्सरला गोंडे. उरलेले मोजके बैल मागं. फलकावर पडदा, पडद्यापुढं नगरसेवक. आप्पांनी गोठ्यात दोन गडी पाठवले होते. गड्यांनी लांबूनच दोन बाजूंनी कासरे टाकून बैल कसाबसा बाहेर काढला, आणि कोपऱ्यावर आप्पांनी ऐटीत हात पुढं केला.

कासरा हातात आला आणि डॉल्बी सुरू झाला.

बैलानं आधी पुढं बघितलं. बादली नव्हती, थोरली आई नव्हती, वास नव्हता, फक्त आवाज होता. त्यानं मान खाली घातली. आप्पा म्हणाले, "चल रं." बैल चालला, पण आप्पांना घेऊन. चार पावलं ते पळाले, चार पावलं घसरले आणि मग कासरा सोडून गटारीच्या कडेला बसले. हलगीवाले हलग्या टाकून पळाले. नगरसेवक एका ट्रॉलीवर चढले, त्यांचा मेव्हणा दुसऱ्या, आणि बाकीचं गाव जिथं उंच दिसेल तिथं. मी माझ्या आयुष्यात रस्ता इतक्या लवकर मोकळा झालेला बघितला नाही. फलकाचा पडदा एका शिंगात अडकून आपोआप उघडला, म्हणजे उद्घाटनही झालं. बैलानं मोकळ्या रस्त्यात इकडंतिकडं बघितलं, करीखालून दमानं पलीकडं गेला, जाताना ती शिंगाला लागून तुटली, आणि मागच्या रिकाम्या बोळातून तो आपला आपण गोठ्यात जाऊन उभा राहिला.

मग पाराच्या कट्ट्यावर चढून बसलेले तात्या म्हणाले, "म्हणून तर आदी सोडत हुते."

मी खालून विचारलं, "तात्या, तुम्हाला माहीत होतं?"

"समद्यांस्नी म्हाईत हाय, पोरी," ते म्हणाले. "पर मान हाय म्हटल्यावर कोण बोलतंय? आमचा बी एक मान हाय. त्याचं तू इचारू नगंस."

गावानं त्यातूनही वाट काढली. कर मोडली, म्हणजे मान राहिला, असं नगरसेवकांनी ट्रॉलीवरूनच जाहीर केलं, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. उतरलं मात्र लगेच कुणी नाही.

घरी आले तर आप्पा गोठ्याच्या दारात उभे. फेटा सुटून गळ्यात आलेला, धोतराला चिखल, हातात पाण्याची बादली. बैल तहानलेला होता, पण आप्पा उंबऱ्याच्या आत एक पाऊल टाकायचे आणि बैल फुस्कारला की दोन पावलं मागं यायचे. गडी कधीच निघून गेले होते. "बैल गेला नि झोपा केला" ही म्हण मला आठवली, पण इथं बैल जागेवर होता आणि गेली होती ती बाई.

तेवढ्यात फोन वाजला. मीच उचलला. थोरली आई होती, आवाज दमलेला आणि हलका. तिनं मला सांगितलं, मी तिथंच खाली बसून रडले. मग आप्पांना हाक मारली.

आप्पांनी रिसीव्हर घेतला आणि पहिलं वाक्य बोलले, "कवा येतीस? बैल जवळ येऊ देत न्हाय. पाणी प्यायला न्हाय त्यो अजून."

फोनचा आवाज मोठा होता, मला सगळं ऐकू येत होतं. मग ती म्हणाली, "पोरगी झालीया. दोघी बऱ्या हायत्या."

"व्हय व्हय. बरं झालं," आप्पा म्हणाले.

"ह्या खेपंला मी येळंत पोचले."

त्या पहिल्या खेपेबद्दल इतक्या वर्षांत घरात एक शब्द निघाला नव्हता. आप्पांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं तोंड फिरवलं. मग अगदी बारीक आवाजात त्यांनी विचारलं, "मग... कवा येतीस?"

"सव्वा म्हैना हितंच ऱ्हाणार."

"आन बैलाचं काय करू?"

"मान तुमचा हाय न्हवं?" ती म्हणाली. "मग शेणबी तुमचंच."

आणि तिनं फोन ठेवला. आप्पांनी रिसीव्हर जागेवर ठेवला. मग गळ्यातला फेटा काढून खुंटीला अडकवला, कोपऱ्यातली शेणाची बुट्टी उचलली आणि गोठ्याच्या दारात जाऊन बैलाला म्हणाले, "पावणं, जरा सरकता का?"